लव्हेंडरची कुपी आणि पाळीची कंबर

भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कारखान्यांची पाळी सुटण्याच्या सुमारास, औषधांच्या एखाद्या दुकानासमोर घटकाभर उभे राहावे, म्हणजे गिऱ्हाईक रोगाचे नाव न घेता थेट अवयवाचेच नाव घेते हे ध्यानात येते : ‘कंबरेला काहीतरी द्या’, ‘मानेला लावायचं काय आहे?’ प्रेसपुढे तासन्‌तास उभे राहून, वेल्डिंगसाठी ओणवे होऊन, अथवा सरकत्या पट्ट्यावरून पुढे येणाऱ्या प्रत्येक गाडीचा तोच एक बोल्ट त्याच एका कोनातून आवळून जे दुखणे अंगात मुरत जाते, आणि तीन महिन्यांची मुदत उलटली की ज्याला वैद्यकशास्त्र ‘जुनाट’ या सदरात दाखल करते, त्याच्या बंदोबस्तासाठी या पट्ट्यातील घरांत आजवर बाम, महानारायण तेल आणि गरम विटेचा शेक एवढा सरंजाम असे. अलीकडे त्यात लव्हेंडरच्या तेलाची बोटभर कुपी, बहुधा शिकलेल्या मुलीने किंवा सुनेने मागवलेली, येऊन बसली आहे. तिची योग्यता किती, याची शहानिशा एकदा व्हावयास हवी.

ही वनस्पती आपल्याला सर्वस्वी परकी, अशी जी समजूत आहे ती दूर करण्यासाठी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची हद्दही ओलांडावी लागत नाही. दापोडी येथे, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ साली कंपनी सरकारने वनस्पतींची एक बाग स्थापिली, आणि पुढे दहा वर्षांनी तिची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आली. लष्करी दवाखान्यांना विलायतेहून येणारी महागडी औषधे इथल्याच मातीत पिकवून काढावीत, हा त्या बागेच्या उद्देशांपैकी एक असल्याने, वेदना शमवून गुंगी आणणाऱ्या खुरासानी ओव्यासारख्या औषधी वनस्पतींची लागवड गिब्सन करवून घेत असे. बागेची एक शाखा जुन्नरजवळ हिवरे येथे होती, म्हणजे आज चाकणवरून ज्या रस्त्याने मालमोटारी नाशिककडे धावतात त्याच वाटेवर पुढे. त्याच काळी जॉन ग्रॅहम नावाचा एक गृहस्थ, जो हुद्द्याने टपालखात्यातला आणि हौसेने वनस्पतिशास्त्रज्ञ होता, मुंबई इलाख्यातील झाडाझुडपांची सूची सिद्ध करीत होता. ती १८३९ साली, खंडाळ्यास त्याला मृत्यू आला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली, आणि सह्याद्रीतल्या एका रानटी लव्हेंडरला तिच्यात दापोडीच्या या अधिकाऱ्याचे नाव मिळाले : लॅव्हेंड्युला गिब्सोनी. दापोडीची बाग १८६५ साली मोडली. तिच्यापासून चार-सहा मैलांच्या आत, पिंपरीस, १९५५ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. औषधनिर्मितीचा मान या परिसराला असा दोनदा लाभला आहे, याची आठवण नगरवासीयांनाही फारशी नसते.

तथापि सह्याद्रीतले हे रानटी भावंड आणि कुपीतले तेल यांची गल्लत करू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी गिब्सोनीच्या तेलाची परीक्षा केली ती डासांच्या अळ्यांवर. कंबरदुखीशी तिचा संबंध नाही. बाजारातले तेल ज्या जातीचे, ती लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया थंड व कोरड्या हवेची, आणि आपल्या देशात तिने मूळ धरले ते जम्मूकडील डोडा जिल्ह्याच्या भद्रवाह खोऱ्यात, जिथे जम्मूच्या शासकीय संशोधन संस्थेच्या साह्याने मक्याचे शेतकरी या पिकाकडे वळले. आपल्या आषाढ-श्रावणात तिची मुळे कुजतात. शिवाय शंभर किलो फुले भट्टीवर चढवावीत तेव्हा सुमारे किलोभर तेल हाती येते, त्यामुळे गच्चीवरल्या कुंडीतून घरचे औषध काढण्याचा बेत ज्यांनी केला असेल, त्यांनी तो सोडलेला बरा.

आता मूळ मामला. या तेलात लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट ही द्रव्ये मुख्य असून, जपानातील कागोशिमा विद्यापीठात २०१८ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की लिनालूलच्या वासाने प्राण्याची भीती उणावते, आणि ज्या उंदरांची घ्राणशक्तीच नष्ट केली होती त्यांच्यावर मात्र काही परिणाम होत नाही. म्हणजे या औषधाचा दरवाजा, निदान त्या प्रयोगापुरता, नाक हाच होय. इराणातील मशहद येथे अर्धशिशीच्या ४७ रुग्णांपैकी एका गटाला पंधरा मिनिटे हे तेल हुंगविले, तेव्हा निर्गंध पॅराफिन हुंगणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक उतार पडला. त्याच देशात गुडघ्याच्या संधिवाताच्या ९० रुग्णांवर जो प्रयोग झाला त्यात लव्हेंडरने मर्दन केलेल्यांचे दुखणे तत्काळ आणि आठवड्यानंतरही कमी आढळले, परंतु चौथ्या आठवड्याला हा फरक उरला नाही. या असल्या प्रयोगांत एक अंगभूत अडचण आहे. साखरेची गोळी औषधाच्या गोळीसारखी करता येते, पण सुवास लपवावा कसा? आपल्याला खरे तेल मिळाले की खोटे, हे रुग्णाच्या नाकाला कळतेच, आणि आशेनेही दुखणे काही अंशी हलके होते. माझा कौल असा, की हे तेल मणक्यावर किंवा गुडघ्यातल्या झिजलेल्या कूर्चेवर काहीएक करीत नाही. ते ज्याचे दुखते आहे त्याला निवविते. रात्रपाळीहून परतलेल्या, दिवसाच्या उजेडात आणि शेजारच्या टीव्हीच्या गोंगाटात कूस बदलणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही, कारण अपुऱ्या झोपेने ठणका वाढतो आणि ठणक्याने झोप उडते.

वापरावयाचे तर काही पथ्ये पाळावीत. निव्वळ तेल कातडीवर लावू नये. पोह्याच्या दोन चमच्यांइतक्या कोमट तिळाच्या तेलात चार-पाच थेंब पुरेत. पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर मिश्रण लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. लाली किंवा खाज उमटली तर कुपी बंद. हवा लागून जुने झालेले तेल कातडीला अधिक बाधते, म्हणून झाकण घट्ट लावून काळोख्या, थंड जागी ते ठेवावे, आणि वर्षानुवर्षे पुरवू नये. ते पोटात घ्यावयाचे नाही, आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यावयाचे नाही. चिठ्ठीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नसून नुसते ‘फ्रॅग्रन्स’ लिहिले असेल, तर ती कुपी अत्तराची समजावी.

आणि एक बाजू निर्गुडीचीही ऐकून घ्यावी. इंद्रायणी-पवनेच्या काठाने, ओढ्यानाल्यांच्या बांधावर, निळसर तुऱ्यांचे हे झुडूप फुकट मिळते. त्याची पाने एरंडेलाचा हात देऊन तव्यावर मऊ करायची, सोसवेल अशी गरम असतानाच कंबरेवर पसरायची, वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची आणि ‘आता अर्धा तास उठायचं नाही’ असा हुकूम सोडायचा, ही जी सासू-आजींची रीत, तिच्यात ऊब, कुणाचा तरी हात आणि सक्तीची विश्रांती ही तिन्ही औषधे एकदमच दिली जातात. लव्हेंडरच्या मर्दनाचाही पुष्कळसा गुण, मला वाटते, याच तिघांचा आहे. फक्त सुवास निराळा आणि किंमत अधिक.

मात्र पायात मुंग्या येऊन बधिरता उतरत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप किंवा वजनातली घट सोबत असेल, किंवा पडल्यावर दुखणे सुरू झाले असेल, तर तेल-शेक बाजूस ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवीच्या जुनाट कंबरदुखीतही दुखण्याचे मूळ पुष्कळदा घरात नसून जॉबवर असते. कामगाराला इजा होईल इतके वजन त्याच्याकडून उचलवू नये, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमात लिहिले गेले. पण टेबल वीतभर ठेंगणे आहे म्हणून दिवसातून शेकडो वेळा वाकावे लागते, याची नोंद कलमात नसते, आणि ठेकेदाराकडच्या हंगामी पोराला ती करवून घेण्याची छातीही नसते. तेव्हा कामगार विमा रुग्णालयात किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात केसपेपर काढायला जाल तेव्हा ‘कंबर दुखते’ एवढेच सांगून थांबू नका. कोणत्या मशीनवर उभे असता, माल किती उंचीवरून उचलता, एका नगाचे वजन किती आणि पाळीत असे नग किती, हे चिठ्ठीवर लिहून न्या, आणि आठवड्याआड बदलणाऱ्या पाळीत झोप किती तास लागते, तेही डॉक्टरांना सांगा.