कराचे प्लगइन बंद पडते, दुकान मात्र चालूच राहते

ऑनलाइन दुकान मांडणारे कापडवाले बंधू आता गल्लोगल्ली दिसतात. ज्याचा माल फार तर तालुक्याच्या बाजारापर्यंत जात असे, त्याचा कुर्ता आज गुवाहाटीला पोहोचतो. दुकान मांडून देणारा मुलगा येतो, चार दिवसांत सर्व बसवून देतो आणि जाताना सांगतो, "कराची फिकीर करू नका, त्याचे प्लगइन टाकले आहे." पुढे त्या प्लगइनचे नावही मालकाला आठवत नाही. ते बंद पडले तर काय होते आणि काय करावे, हे येथे सांगावयाचे आहे.

प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेला पुरजा. वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स हे पुष्कळ छोट्या दुकानांचे मूळ सॉफ्टवेअर आहे. ते साऱ्या जगासाठी बनलेले असल्यामुळे आपल्या जीएसटीच्या खाचाखोचा त्याला ठाऊक नसतात. गिऱ्हाईक महाराष्ट्रातले असेल तर सीजीएसटी व एसजीएसटी अर्धा-अर्धा, बाहेरचे असेल तर आयजीएसटी, किमतीनुसार दर, बिलावर एचएसएन क्रमांक, बिलाचा अनुक्रम, ही सारी मुनिमाची कामे प्लगइन करते. बनवणारा बहुधा एखादा तरुण किंवा दोन-तीन माणसांची छोटी कंपनी असते. धंदा परवडला नाही की तो काम सोडतो.

सोडले म्हणजे काय होते, याबद्दल मोठा गैरसमज आहे. आपल्याला वाटते, काहीतरी लाल दिवा लागेल किंवा दुकान बंद पडेल. तसे होत नाही. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतून प्लगइन काढले, तर यादीतल्या त्याच्या पानावर ते बंद केल्याची सूचना लागते. पण ज्याच्या दुकानात ते आधीच बसले आहे, त्याला सहसा कोणी कळवीत नाही. ते पूर्वीसारखेच चालत राहते. मुनीम निघून गेला आणि त्याचा हात मात्र गादीवर बसून जुन्याच दराने बिले फाडतो आहे, असा हा प्रकार आहे.

माझ्या दुकानात हेच झाले. प्लगइनवाल्याने उन्हाळ्यातच काम सोडले होते, मला पत्ता नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचे दर बदलले. पूर्वी नगास १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के होते. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के झाले. दुकानात समोरासमोर आम्ही त्या दिवसापासून नव्या दराने बिले केली. ऑनलाइनकडे लक्षच गेले नाही. नागपूरच्या एका बाईंनी फोन करून विचारले, "भाईसाहेब, सगळीकडे पाच टक्के झाले, तुमच्याकडे अजून बारा कसे?" तेव्हा डोळे उघडले.

१,८०० रुपयांचा ड्रेस असेल तर १२ टक्क्यांनी कर होतो २१६ रुपये आणि ५ टक्क्यांनी ९०. म्हणजे प्रत्येक नगामागे गिऱ्हाइकाकडून १२६ रुपये जादा घेतले. उलट, ४,००० रुपयांच्या शेरवानीवर घ्यावयाचे होते ७२० आणि घेतले ४८०, म्हणजे २४० कमी. कोणी म्हणेल, एकीकडे जास्त, एकीकडे कमी, बरोबरी झाली. कायदा अशी बरोबरी मानत नाही. कर म्हणून गिऱ्हाइकाकडून जे घेतले ते सरकारात भरावेच लागते, मग तो कर लागू असो वा नसो. सीजीएसटी कायद्याचे कलम ७६ हेच सांगते. आणि जे कमी घेतले ते आपल्या खिशातून, वर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. जादा घेतलेले गिऱ्हाइकाला परत करावयाचे असल्यास कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट काढता येते. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर तोपर्यंत, ती विवरणपत्रात दाखवावी लागते. मी गिऱ्हाइकांना पैसे परत केले. रक्कम फार मोठी नव्हती, पण एकेकाला फोन करून खुलासा करताना जी शरम वाटली तिचा हिशेब कुठे मांडावा?

आपल्या कापडवाल्यांची एक जुनी अडचणही यात आहे. १९५७ पासून कापडावर राज्याच्या विक्रीकराऐवजी केंद्राचे जादा उत्पादन शुल्क असे, ते गिरणीपाशीच वसूल होई. कापडाच्या गादीवर बसलेल्या माणसाला गिऱ्हाइकाकडून कर घेण्याची सवयच नव्हती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सुरतेचा बाजार बंद पडला होता, तो याच कारणाने. वडिलांकडून मिळालेल्या विद्येत कर हा धडाच नाही, म्हणून आपण तो प्लगइनवर सोपवून मोकळे होतो.

दुसऱ्या प्रकारची प्लगइने दर स्वतःजवळ ठेवीत नाहीत. प्रत्येक ऑर्डरच्या वेळी ती दूरच्या सर्व्हरला विचारतात. कंपनीने तो सर्व्हर बंद केला की उत्तर येत नाही आणि पुष्कळदा बिलावर कर शून्य लागतो. हे निदान लवकर दिसते. तिसरी तऱ्हा म्हणजे होस्टिंगवाला पीएचपीची नवी आवृत्ती चढवतो आणि जुना पुरजा तिच्यावर चालत नाही. मग पैसे भरण्याचे पानच उघडत नाही. माझ्या मते हे तिन्हींत सर्वांत कमी नुकसानीचे, कारण निदान चुकीचे बिल तरी फाटत नाही.

आता उपाय. घाईने प्लगइन पुसून टाकू नये, हे पहिले. वर्डप्रेसमध्ये निष्क्रिय करणे वेगळे आणि काढून टाकणे वेगळे; काढून टाकल्यावर काही प्लगइने आपल्या नोंदीही सोबत पुसतात. हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून आधी सर्व बिले, एचएसएन क्रमांक आणि कराचे तक्ते उतरवून संगणकाबाहेर एक प्रत ठेवावी. शेवटचा बिल क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. नवे प्लगइन १ पासून सुरू करते, आणि एका आर्थिक वर्षात एकच क्रमांक दोन बिलांवर चालत नाही.

नवे प्लगइन मिळेपर्यंत वूकॉमर्समधल्या कराच्या तक्त्यात दर हाताने भरता येतात. ५ टक्क्यांच्या वर्गात महाराष्ट्रासाठी दोन ओळी: सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५. दोहोंना अग्रक्रम वेगळा द्यावा, एकास १ व दुसऱ्यास २. एकच आकडा दिला तर त्यातील एकच कर लागतो व गिऱ्हाइकाकडून निम्माच घेतला जातो. बाहेरच्या राज्यांना आयजीएसटी ५. १८ टक्क्यांचा वर्ग याचप्रमाणे वेगळा करावा. कर कोणत्या पत्त्यावरून मोजावा, तेथे माल पोहोचवण्याचा पत्ता निवडावा. पुण्याच्या गिऱ्हाइकाने हैदराबादच्या बहिणीला भेट पाठवली, तर बिलावर हैदराबादचा पत्ता धरावा, असा खुलासा जून २०२४ च्या परिपत्रकात आहे.

या तक्त्याची खोड अशी की किंमत पाहून दर बदलणे त्याला येत नाही. प्रत्येक नगाला वर्ग आपणच लावावयाचा. साड्या आणि थानातले कापड, किंमत काहीही असो, ५ टक्क्यांतच. पाकिटातले तीन तुकड्यांचे न शिवलेले ड्रेस मटेरियलही कापडच धरले जाते. २७ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट केले आहे. शिवले की मात्र २,५०० ची रेघ लागू होते. आणि ही रेघ सवलत वजा करून उरलेल्या विक्रीकिमतीवर पाहावयाची. २,७०० रुपयांच्या सूटवर ईदची १० टक्के सवलत दिली तर किंमत २,४३० होते, कर ५ टक्क्यांनी १२१ रुपये ५० पैसे. पण तो नग १८ च्या वर्गातच राहिला, तर कूपन लावूनही तक्ता १८ टक्केच घेईल. म्हणून २,५०० च्या आसपासच्या मालावर मी कूपन बंद केले आहे. सवलत द्यावयाची तर किंमतच उतरवतो आणि त्याच वेळी वर्ग बदलतो.

सर्व भरून झाल्यावर दुकान उघडण्यापूर्वी चार खोट्या ऑर्डरी टाकाव्यात: एक नागपूरची, एक सुरतेची, एक २,५०० च्या खालची, एक वरची. बिले छापून घेऊन लेखापालासमोर ठेवावीत, आकडे जुळले की त्या ऑर्डरी रद्द कराव्यात. माझ्या पहिल्याच तपासणीत सुरतेच्या बिलावर एसजीएसटी आला होता. ओळीत राज्याचा रकाना मी रिकामा सोडला होता.