आजींना बसवून ठेवू नका!

"तुम्ही बसा हो, मी आणते!" घरात सासूबाई किंवा आई पंचाहत्तरीच्या झाल्या, की आपण दिवसातून दहा वेळा हे म्हणतो. त्या पडतील ही धास्ती असते ना! पण मैत्रिणींनो, या मायेनंच पडण्याचा धोका वाढतो. पाय चालवले नाहीत की मांड्या-पोटऱ्यांची ताकद जाते, आणि तोल सावरायला नेमकी तीच लागते.

पासष्टी ओलांडलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसं दरवर्षी पडतात. त्यात खुब्याचं हाड मोडलं, की ऑपरेशन, अंथरूण आणि परावलंबन!

सरावानं तोल सुधारतो, अगदी ऐंशीनंतरसुद्धा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी ऐंशीपुढच्या बायकांना घरीच करायचे व्यायाम शिकवले. त्यांचं पडणं कमी झाल्याचं १९९७ साली प्रसिद्ध झालं. २०१९ सालच्या एका मोठ्या आढाव्यातही व्यायामानं पडण्याचं प्रमाण जवळजवळ पाव हिश्शानं घटलेलं दिसलं.

घरी काय करता येईल?

१. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा वेळा. हळूहळू हातांचा आधार कमी करायचा.

२. स्वयंपाकाच्या ओट्याची कड धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, दहा वेळा.

३. ओटा धरूनच एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. मग दुसरा पाय.

४. ओट्याच्या कडेनं, एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावत चालणं.

आधी दोन्ही हातांनी धरावं, मग एका हातानं, मग नुसती बोटं टेकवावीत. आठवड्यातून निदान तीन दिवस हवेतच. शेजारी आपण उभं राहायचं. फरशी कोरडी असावी, साडी घोट्याच्या वर खोचलेली असावी आणि पायांत सैल सपाता नसाव्यात. चक्कर येत असेल, नुकत्या पडल्या असतील किंवा ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि हो, देवाची फुलं त्यांनाच आणू द्या, चहाचा कप त्यांनाच नेऊन ठेवू द्या. आपण हात द्यायला जवळ असावं. त्यांच्या आधी धावू नये.