रक्त दिलं म्हणजे रिपोर्ट साऱ्या गावाचा झाला नाही



१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद राहते. जाळी खुंटीला, माणसं घरी. म्हणून आरोग्याची शिबिरं बहुतेक याच दिवसांत आपल्या वस्तीत लागतात. सिकलसेल, बीपी, शुगर, सगळं तपासतात. तपासणी सगळ्यांनी करावी, त्यात दुमत नाही. पण मागच्या बंदीत माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

सिकलसेलची दुसरी, पक्की तपासणी ज्यांची व्हायची होती, त्यांची यादी माझ्याजवळ आली. कोणी सुटू नये म्हणून मी तिचा फोटो समितीच्या ग्रुपवर टाकला. मनात वाईट काहीच नव्हतं. पण दोन दिवसांत ती यादी नदीपल्याडच्या गावात पोचली. एका घरी पोरीच्या सोयरिकीची बोलणी सुरू होती, ती थांबली. त्या पोरीची पक्की तपासणी तर अजून झालीच नव्हती. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, फोटोही काढून टाकला. पण जाळ्यातून सुटलेली मासोळी परत हाती येत नाही.

म्हणून हे सगळं नीट समजून घेऊ.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल जिल्ह्यात सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं लक्ष्य आहे. निकाल सरकारी पोर्टलवर चढतो, हाती कार्ड येतं.

हा आजार आईबापाकडून येतो. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. एकाकडूनच दोष आला तर माणूस फक्त वाहक असतो. तो सहसा आजारी नसतो, डोंगा चालवतो, जाळं ओढतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात लेकराला आजार होण्याची शक्यता ४ मध्ये १ असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याची तपासणी साफ असेल, तर लेकराला सिकलसेलचा आजार होत नाही. म्हणून लग्नाआधी दोन घरांनी आपसात कार्ड दाखवावं, हे बरोबरच आहे. पण दोन घरांनी राजीखुशीनं एकमेकांना सांगणं वेगळं, आणि साऱ्या गावानं मोबाईलवर वाचणं वेगळं.

शिबिरात परवानगी एक नसते, तीन असतात. पहिली रक्त घ्यायची. दुसरी आपलं नाव, आधार, मोबाईल आणि निकाल कॉम्प्युटरवर चढवायची. तिसरी तो निकाल दुसऱ्या कोणाला दाखवायची. पहिलीला हो म्हटलं म्हणजे बाकी दोन्हीला हो झालं, असं नाही. आशा दीदीला, नर्सबाईला विचारा: हे कशासाठी लिहिता, कोण पाहील, कागद मला मिळेल का? विचारल्यानं कोणाचा अपमान होत नाही.

आता आभा नंबर. आयुष्मान कार्ड आणि आभा एकच आहे असं बरेच जण समजतात. ते वेगवेगळे आहेत. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत इलाज मिळतो. आभा हा १४ आकडी नंबर आहे, आपले दवाखान्याचे कागद त्याला जोडले जातात. तो काढणं ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून इलाज नाकारता येत नाही. कोरोनाच्या लसीच्या वेळी, २०२१ मध्ये, आधार दिलेल्या कितीतरी लोकांच्या सर्टिफिकेटवर न मागता आरोग्याचा नंबर छापून आला होता. आम्हाला विचारलंच नाही, अशा तक्रारी तेव्हा झाल्या.

आभा वाईट नाही. नागपूरला किंवा गोंदियाला इलाजाला गेलो, तर जुने कागद तिथे दिसू शकतात. पण कोणाला, कोणते, किती दिवस दाखवायचे हे आपण ठरवायचं, आणि दिलेली परवानगी परत घेता येते. नंबर बंदही करता येतो. चौकशीसाठी १४४७७ वर फोन लावा. ध्यानात ठेवा, ओटीपी म्हणजे आपला अंगठा. कशासाठी आला ते कळल्याशिवाय सांगू नका.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. एचआयव्हीबद्दल २०१७ चा वेगळा कायदा आहे, त्यात तपासणीला संमती आणि गुप्तता दोन्ही आहे. २०२३ चा डिजिटल माहितीचा कायदाही आला. पण त्यात योजनेचा लाभ देताना किंवा साथीच्या वेळी सरकारला संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा ठेवली आहे. म्हणून कायदा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तोंडानं विचारा.

आपल्या समितीपुरतं मी असं ठरवलं आहे:

१. कोणाच्याही आजाराची यादी ग्रुपवर किंवा बोर्डावर लागणार नाही. निरोप त्या माणसालाच, एकट्यात.

२. कितीतरी घरांच्या फॉर्मवर माझा मोबाईल नंबर आहे. म्हणजे तुमचा ओटीपी माझ्याकडे येतो. हे बरोबर नाही. घरातल्या कोणाचा तरी नंबर घेऊन या, बदलून देण्यासाठी मी सोबत येतो.

३. जुन्या याद्यांचे फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये असतील तर आजच पुसा. ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि माझ्या चुकीपायी तपासणी मात्र सोडू नका. ज्यांची पक्की तपासणी राहिली आहे त्यांनी ती करून घ्या. कागद घ्या आणि घरच्या पेटीत, जमिनीच्या कागदाजवळ ठेवा. तोही तितकाच आपला आहे.

आपला,
सचिव