खंडाळ्याच्या धुक्यात अकलूजची शार्दोने

खंडाळ्यात धुकं उतरलं की चहा आणि कांदाभजी ठरलेली. परवा मक्याच्या भज्यांसोबत मी 'फ्रातेल्ली'ची 'व्हिटे' शार्दोने उघडली. काय जोडी जमली!

इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घरांतल्या भावांनी सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या मुलखात, वाइनची द्राक्षं लावली.

'व्हिटे' ओकच्या पिपात मुरते. शार्दोने मूळचं बर्गंडीचं, स्वभावानं सौम्य द्राक्ष. पिपाचा गुण पटकन घेतं. पीप आतून विस्तवावर शेकतात, त्यातून व्हॅनिला आणि भाजलेल्या पावाचा वास येतो. लोण्यासारखी चव मात्र लाकडाची नव्हे! जिवाणू द्राक्षातल्या आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, ती त्यांची किमया.

225 लिटरचं फ्रेंच पीप महाग, आणि तीन-चार हंगामांत त्याचा गंध उतरतो. म्हणून पिपातली वाइन साध्या वाइनपेक्षा महाग पडते. तरी आयात बर्गंडीपुढे ही खिशाला परवडते.

फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं थांबा, 10-12 अंशांवर सुगंध खुलतो. बर्फ मात्र अजिबात टाकू नका.