सिक्लिड मासे : संकर, निवड आणि घरचे मत्स्यालय

आपल्या कमलनगर भागात ‘हायब्रीड’ या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. १९६४ साली ‘सी. एस. एच. १’ ही संकरित ज्वारी आली आणि हा शब्द शेतकऱ्याच्या बोलीतलाच होऊन गेला. परंतु काचेच्या पेटीत फिरणारा मासाही हायब्रीड असू शकतो, याची पुष्कळांना कल्पना नसते. मी काही वर्षे घरी असे मासे पाळीत आहे. नव्याने पेटी घेणारे मित्र जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुल होय. आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिका ही त्यांची मुख्य वसतिस्थाने. भारतात मूळच्या अशा तीनच जाती आहेत. त्यांपैकी एक गोव्यात ‘काळुंदर’ म्हणून ताटात येते. तिलाच केरळात ‘करीमीन’ म्हणतात आणि २०१० साली केरळाने तिला राज्याचा मासा ठरविले. या कुलाचे दोन गुण ध्यानात ठेवावेत. पहिला, हे मासे अंडी व पिले सांभाळतात. काही जातींची मादी तर अंडी तोंडातच उबविते. दुसरा गुण पहिल्यातूनच येतो. पिले सांभाळायची म्हणजे जागा राखायची, आणि जागा राखायची म्हणजे शेजाऱ्याशी भांडायचे!

आता संकर आणि निवड यांतील भेद पाहू. एकाच जातीतील हवे तसे रंगाचे व आकाराचे मासे वेचून पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच पैदास करणे, ही निवड. ॲमेझॉन नदीतील एंजल माशापासून संगमरवरी, काळे, लांब पंखांचे प्रकार असे निघाले. आपल्याकडची मालदांडी ज्वारीही निवडीतूनच नावारूपाला आली. याउलट, दोन भिन्न जातींचे मीलन घडविणे हा संकर. कपाळावर मोठा उंचवटा असलेला ‘फ्लॉवरहॉर्न’ १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतील जातींच्या संकरातून तयार झाला. तैवानातील ‘ब्लड पॅरट’ हाही संकरच. त्याचे तोंड पोपटाच्या चोचीसारखे असून ते नीट मिटत नाही. त्याचे बहुतेक नर वंध्य असतात.

संकरित ज्वारीचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर कणसे एकसारखी येत नाहीत. फ्लॉवरहॉर्नचेही तसेच. एका जोडीच्या शेकडो पिलांत मनाजोगा रंग व उंचवटा थोड्यांनाच येतो. तो उंचवटा भाग्याचा मानून लोक भारी किंमत मोजतात. शास्त्राच्या दृष्टीने तो केवळ एक शारीरिक लक्षण आहे. ब्लड पॅरटला काही ठिकाणी कृत्रिम रंग टोचतात, शेपटीही कापतात. निसर्गात न दिसणारा जांभळा वा निळा पॅरट दिसला, तर तो घेऊ नये.

निरनिराळे सिक्लिड एकत्र ठेवायचे तर आधी पाण्याचा विचार करावा. आमच्या बोअरचे पाणी जड. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या माशांना असे पाणी मानवते. दक्षिण अमेरिकेच्या डिस्कसला मात्र मऊ व अधिक उबदार पाणी लागते. म्हणून या दोघांना एका पेटीत ठेवू नये. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असल्यास ते दिवसभर उघडे ठेवून मग घालावे.

दुसरी गोष्ट जागेची. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५० लिटर पाणी मावते. दगडांसह वजन तीनशे किलोंच्या आसपास जाते. टेबल तसे भक्कम हवे. दगडांच्या कपारी करून प्रत्येक माशाला आडोसा द्यावा. मासे लहान असतानाच एकदम सोडावेत. नंतर आलेल्याला जुने मासे घुसखोर समजतात. फ्लॉवरहॉर्न मोठा झाला की एकटाच ठेवावा. मलावीच्या जवळच्या जाती एकत्र असल्या तर त्यांचा आपोआप संकर होतो. अशी पिले शुद्ध जातीची म्हणून कोणास देऊ नयेत.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. गाळणीतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच असावेत. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

शेवटचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. मासा मोठा झाला, पेटीत मावेना, की ‘जीव वाचला’ म्हणून लोक त्याला तलावात सोडतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. तिलापिया हाही सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला गेला. तो इतका झपाट्याने वाढला, की देशी माशांचे अन्न व जागा त्याने बळकावली. सिंगापूरच्या जलाशयांत फ्लॉवरहॉर्नही असाच सुटून वाढला आहे. आपल्याजवळ मांजरा आहे, कारंजाचे धरण आहे. त्या पाण्यावर जाळे टाकून पोट भरणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या जाळ्यात मरळ, कटला यावा. आपल्या हौसेचा उरलेला मासा येऊ नये. नको झालेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा. आणि तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.