कोरड्या त्वचेवर खनिज प्रसाधने : तक्रार भुकटीची, कारण त्वचेचे

नवी दिल्ली : नोव्हेंबर सरत आला, की उत्तर आणि मध्य भारतातील हवेतला ओलावा झपाट्याने उतरू लागतो. दिल्ली, इंदूर, नागपूर यांसारख्या शहरांत ओठ फुटू लागतात, गालांवर पांढुरके पापुद्रे दिसू लागतात आणि त्याच सुमारास प्रसाधनांविषयीची एक तक्रार हमखास कानी येते. सकाळी लावलेली ‘मिनरल’ पावडर दुपारपर्यंत नाकाच्या कडेला आणि भुवयांच्या मध्ये गोळा होते, डोळ्यांखालच्या बारीक रेषा ठळक होतात आणि चेहरा उजळ दिसण्याऐवजी चुना फासल्यासारखा भासतो. विशेष म्हणजे हीच पावडर ‘नाजूक त्वचेसाठी सौम्य’ म्हणून घेतलेली असते. यातला दोष भुकटीचा किती आणि त्वचेचा किती, हे ठरवण्यापूर्वी डबीत नेमके काय असते, ते पाहावे लागते.

खनिज प्रसाधने म्हणून जी सुटी पावडर विकली जाते, तिचा मुख्य भाग अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि लोहाची ऑक्साइडे यांनी बनलेला असतो. काही उत्पादनांत चिनी माती, सिलिका, शंखजिरे किंवा बिस्मथ ऑक्सिक्लोराइडही असते. अमेरिकेत १९७० च्या दशकात या प्रकारची उत्पादने बाजारात आली आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचा बोलबाला झाला. मात्र ‘मिनरल’ हा शब्द जाहिरातीचा आहे. त्याला कायद्याची काटेकोर व्याख्या नाही. साध्या कॉम्पॅक्टमध्येही हेच घटक असतात. खरा फरक असतो तो वगळलेल्या गोष्टींत. खनिज पावडरीत बहुधा तेल नसते, सुगंध नसतो आणि पाणी नसल्यामुळे परिरक्षक रसायनांची गरजही फारशी पडत नाही. सुगंध आणि परिरक्षके ही प्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीची दोन प्रमुख कारणे असल्याने संवेदनशील त्वचेला हा बदल मानवतो. कोरड्या त्वचेची अडचण मात्र येथेच सुरू होते, कारण तिला हवे असलेले तेल आणि पाणी या डबीत मुळातच नसते.

चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका जाड असतो. मृत, चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा गिलावा, अशी त्याची रचना असते. हा गिलावा शाबूत असेल तर आतले पाणी सावकाश बाहेर पडते. तो झिजला, की पाणी भराभर उडून जाते. या थरातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांखाली गेले, की पेशी एकमेकींपासून नीट सुटत नाहीत आणि पापुद्र्यांच्या रूपाने कडा वर उचलून राहतात. भुकटीचे कण अडकतात ते याच कडांना. कडकडीत पाण्याने अंघोळ, फेसाळ साबण, खोलीतला हीटर आणि वाढते वय या साऱ्यांचा मारा त्याच गिलाव्यावर होतो. भिंतीला चुना देणारा कारागीर आधी पोपडे खरवडतो आणि भिंत ओली करतो. चेहऱ्याच्या बाबतीत त्यातले दुसरे काम तेवढे करायचे, पहिले नाही. पापुद्रे घालवण्यासाठी खरखरीत स्क्रब घासला, तर उरलासुरला गिलावाही जातो आणि दोन दिवसांनी पापुद्रे अधिकच दिसू लागतात.

सगळी खनिजे कोरड्या त्वचेशी सारखीच वागतात असेही नाही. झिंक ऑक्साइड तेल शोषते आणि त्वचा किंचित आकसवते. घामोळ्यांवर लावले जाणारे कॅलामाइन मुख्यतः झिंक ऑक्साइडच असते आणि त्याचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडाचा असतो. ते वाळल्यावर त्वचा ताणल्यासारखी का वाटते, याचे उत्तर यात आहे. चिनी माती आणि सिलिका तर तेल टिपण्यासाठीच घातलेल्या असतात. तेलकट त्वचेला तो गुण, कोरड्या त्वचेला अवगुण. अभ्रक त्या मानाने निरुपद्रवी. त्याचे पातळ, चपटे पदर प्रकाश परतवतात आणि त्वचेवर सहज घसरतात. मात्र चमक जास्त असेल तर रेषा आणि पापुद्रे अधिकच उठून दिसतात. बिस्मथ ऑक्सिक्लोराइडला मोत्यासारखी झळाळी असते आणि ते चिकटून बसते, पण काही जणांना, विशेषतः घाम आल्यावर, त्याने खाज सुटते. शिवाय ते कारखान्यात तयार होते, म्हणजे ‘खाणीतून थेट चेहऱ्यावर’ या कल्पनेत ते बसत नाही. तसे पाहिले तर प्रसाधनांतील लोह ऑक्साइडेही बहुधा कृत्रिमरीत्याच बनवली जातात आणि ते योग्यच आहे. नैसर्गिक गेरूत शिसे किंवा आर्सेनिक मिसळलेले असण्याचा धोका त्यामुळे टळतो.

खरेदी करताना म्हणूनच वेष्टनाच्या पुढच्या बाजूवरील मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बारीक अक्षरांना महत्त्व द्यावे. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटक उतरत्या प्रमाणात लिहावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. रंगद्रव्यांची नावे अनेकदा क्रमांकाने दिलेली असतात. सीआय ७७०१९ म्हणजे अभ्रक, ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७९४७ म्हणजे झिंक ऑक्साइड, तर ७७१६३ म्हणजे बिस्मथ ऑक्सिक्लोराइड. कोरड्या त्वचेसाठी झिंक ऑक्साइड, सिलिका आणि चिनी माती यादीत खाली असलेली पावडर बरी. त्याहून बरा पर्याय म्हणजे हीच रंगद्रव्ये क्रीममध्ये मिसळलेले उत्पादन.

पावडरच वापरायची असेल, तर निम्मे काम ती उघडण्यापूर्वीचे असते. फेस न होणाऱ्या क्लीन्झरने आणि कोमट पाण्याने चेहरा धुऊन तो पुरता कोरडा होण्याआधीच मॉइश्चरायझर लावावे. त्यात पाणी धरून ठेवणारे ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक आम्ल आणि ते उडू न देणारे पेट्रोलॅटम किंवा डायमेथिकोन, असे दोन्ही प्रकारचे घटक असावेत. नुसते ग्लिसरीन अतिशय कोरड्या हवेत पुरे पडत नाही. यानंतर पाच-दहा मिनिटे थांबणे हा या सगळ्यातला सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा टप्पा आहे. क्रीम मुरण्याआधी भुकटी पडली, की तिच्या गुठळ्या होतात. पावडर झाकणात चिमूटभर काढून, ब्रश झटकून, पापुद्रे असलेल्या जागी न घासता अलगद दाबून बसवावी आणि ती सगळ्या चेहऱ्यावर लावण्याचा अट्टहासही धरू नये. काही जण ओल्या स्पंजाने पावडर लावतात. त्याने कण उडत नाहीत आणि लेप एकसारखा बसतो. मात्र ओला स्पंज थेट डबीत बुडवू नये. परिरक्षके नसलेल्या भुकटीत पाणी शिरले, तर जंतूंना आयतेच आमंत्रण मिळते. दिवसा चेहऱ्यावर नुसते पाणी फवारणेही कामाचे नाही, कारण ते उडून जाते आणि त्वचा पुन्हा होती तशी होते. रात्री पावडर काढताना तेल किंवा क्रीम वापरावे.

टायटॅनियम आणि झिंक यांची ऑक्साइडे अतिनील किरणे अडवतात, म्हणून या पावडरींवर बहुधा एसपीएफचा आकडा छापलेला असतो. तो आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम उत्पादन लावून काढतात. एवढी पावडर चेहऱ्यावर कोणी लावत नाही, आणि कोरड्या त्वचेवर तर ती कमीच लावायची असते. त्यामुळे सनस्क्रीन वेगळे लावण्यास पर्याय नाही. लोह ऑक्साइडांचा मात्र एक उपयोग खरा आहे. ती दृश्य प्रकाशाचा काही भाग अडवतात आणि गव्हाळ वा सावळ्या त्वचेवर वांग गडद होण्यामागे हा प्रकाशही एक कारण असतो. त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी रंगयुक्त सनस्क्रीन सुचवतात ते यामुळेच. हीच ऑक्साइडे कमी आणि टायटॅनियम जास्त असेल, तर सावळ्या चेहऱ्यावर राखाडी छटा येते. ती कोरडेपणाची खूण समजून अनेक जण क्रीम वाढवत राहतात. खरे तर बदलायची असते ती छटा.

भुकटी नाकातोंडात जाऊ नये, ही खबरदारी दम्याच्या रुग्णांनी विशेषत्वाने घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला ‘संभाव्य’ कर्करोगकारक गटात ठेवले आहे, तर २०२४ मध्ये शंखजिऱ्याला त्याहून वरच्या गटात टाकले आहे. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळकटीचे आहे. रोजच्या चिमूटभर वापराने किती धोका होतो, हे त्यावरून ठरत नाही. तरीही ब्रश जोराने फिरवून ढग उडवण्याचे कारण नाही. त्वचा भेगाळली असेल, लाल होऊन खाजत असेल, तर प्रसाधन बंद करून डॉक्टरांना दाखवणे इष्ट. एक्झिमा, सोरायसिस, थायरॉइडची कमतरता किंवा मधुमेह यांपैकी काहीही कोरडेपणाच्या आड असू शकते.

या डबीची आणखी एक बाजू आरशात दिसत नाही. झारखंडमधील कोडरमा आणि गिरिडीह तसेच बिहारमधील नवादा हा अभ्रकाचा जुना पट्टा. रेडिओवरील फर्माइशींमुळे घराघरांत पोहोचलेले झुमरी तिलैया याच कोडरमा जिल्ह्यात आहे. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर येथील अनेक खाणींचे पट्टे संपले. विद्युत उपकरणांतील अभ्रकाची मागणीही घटली होती. पण सोडून दिलेल्या खाणींतून आणि ढिगाऱ्यांतून ‘ढिबरा’ म्हणजे अभ्रकाचा चुरा वेचण्याचे काम थांबले नाही आणि त्यात लहान मुलांचे हातही राबत राहिले. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या २०१६ मधील तपासात, बेकायदा खाणींमध्ये अवघ्या दोन महिन्यांत सात मुले दगावल्याचे आणि हे मृत्यू दडवले गेल्याचे समोर आले. पुढील वर्षी प्रसाधन आणि रंग उद्योगातील कंपन्यांनी काही स्वयंसेवी संस्थांसह ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ हा गट स्थापन केला. काही उत्पादक आता प्रयोगशाळेत बनवलेले अभ्रक वापरतात. घटकांच्या यादीत ते सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट या नावाने असते. नैसर्गिक अभ्रक मात्र नुसते ‘मायका’ म्हणून लिहिले जाते. ते कोणत्या खाणीतले आणि कोणी वेचलेले, हे त्या यादीत नसते.