दुधाविना चॉकलेट: दाटपणा येतो कोठून?

सोया, ओट, बदाम आणि नारळ यांपासून वनस्पतीजन्य दुधे तयार होतात. आज त्यांचा एक उपयोग पाहू: व्हीगन हॉट चॉकलेट. गाईम्हशीचे दूध वगळले की पेय पाणचट होणार अशी समजूत आहे. त्यामुळे सारी चर्चा ‘दुधाऐवजी काय?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते निवडीची सुरुवातच इथे चुकते. या पेयाचा दाटपणा मुळात कोकोचा आहे; आधी कोको नीट निवडावा, दुधाचा विचार नंतर करावा.

इतिहासाची साक्ष याच बाजूची आहे. माया आणि अझ्टेक लोक कोको पाण्यात कालवत आणि उंचावरून ओतून त्याला फेस आणत. त्यांच्याकडे दुभती जनावरे नव्हतीच. गाई-शेळ्या तिथे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर पोहोचल्या. मेक्सिकोतल्या ओआहाकात आजही पाण्यातले चॉकलेट पितात आणि ते लाकडी मोलिनियोने, म्हणजे आपल्या रवीसारखेच, घुसळतात. ते बेचव लागत नाही, कारण कोकोच्या बीचा जवळजवळ निम्मा भाग स्निग्ध कोको बटर असतो. 1828 साली नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन यांच्या दाबयंत्राला पेटंट मिळाले, बरेचसे बटर पिळून निघू लागले आणि आजची कोको पावडर आली. तिच्यात स्निग्धांश सहसा 10 ते 24 टक्केच उरतो. ही उणीव भरायला दूध लागते असे आपण धरून चालतो. पण गेलेले बटर परत घालणे हा अधिक सरळ उपाय आहे. 70 टक्के कोकोच्या 20 ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे 8 ग्रॅम स्निग्धांश असतो, आणि गाईच्या कपभर दुधात सुमारे 7 ग्रॅम. हिशेब इथेच जुळतो.

कृतीही त्यावरूनच ठरते. एका कपासाठी दोन चमचे कोको, चवीपुरती साखर आणि चिमूटभर मीठ थोड्या गरम पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. कोरडी पावडर एकदम भरपूर द्रवात टाकली तर ती भिजत नाही, तरंगते. मग वनस्पतीजन्य दूध घालून मंद आचेवर तापवावे, शेवटी डार्क चॉकलेटचे तुकडे विरघळवून चांगले घुसळावे. ओटच्या दुधातला स्टार्च आपोआप दाटपणा देतो, म्हणून नवशिक्याने तेच घ्यावे. नारळाचे दूध सर्वांत स्निग्ध, पण त्याचा स्वाद कोकोवर मात करतो, आणि खळखळून उकळले तर ते फुटते, हे कोकण-गोव्यातल्या स्वयंपाकघरांना सांगायला नको. सोया दूध कधी फाटते, कारण साधा कोको किंचित आम्लधर्मी असतो आणि उष्णतेत सोयाची प्रथिने गोळा होतात. अल्कलीची प्रक्रिया केलेला, गडद रंगाचा ‘डच’ कोको घेतला आणि उकळी टाळली तर हा धोका बराच कमी होतो.

यावर पहिला आक्षेप पोषणाचा, आणि तो रास्त आहे. बदामाच्या दुधात प्रथिने नगण्य असतात. मुलांसाठी करायचे तर कॅल्शियम मिसळलेले सोया दूध घ्यावे आणि खोका हलवूनच ओतावे, कारण कॅल्शियम तळाशी बसते. दुसरा आक्षेप असा की डार्क चॉकलेट आणि हिरवा ठिपका पाहिला की पुरे, एवढी चिकित्सा कशाला? पण हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे. दुधाची भुकटी असलेल्या पदार्थावरही तो असतो. कित्येक डार्क चॉकलेटांत दुधाचे घटक असतात, तयार ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये बहुतेकदा साखरच पहिल्या क्रमांकावर असते. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा नियामकाने 2022 मध्ये स्वतंत्र नियम आणि चिन्ह आणले. ते नसेल तर घटकांची यादी वाचावी. ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही सूचना मात्र मुख्यतः ॲलर्जी असणाऱ्यांसाठी असते. तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना इथून येतो, आणि तिथल्या मळ्यांतली बालमजुरी व जंगलतोड ‘व्हीगन’ शिक्क्याने पुसली जात नाही. त्यावर उत्तर एकच: कोको कोठून आला हे सांगणारा उत्पादक निवडावा. केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत पिकणाऱ्या कोकोपासून बनलेली चॉकलेटे आता आपल्याकडेही मिळतात.

तेव्हा खर्चाला मर्यादा असेल तर महागड्या दुधावर पैसे घालू नका. साधे ओटचे दूध घ्या, आणि वाचलेले पैसे चांगल्या कोकोवर खर्च करा.